ताशी ऐंशीच्या शोधात

आमच्या जुन्या झेनचा ब्रेक साठीच्या पुढे दाबला की स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक सोडला की पुन्हा संतासारखं शांत. हा आजार तपासायला तीन गोष्टी लागतात: ताशी ८० चा वेग, गुळगुळीत रस्ता आणि मागे कुणीही नसणं. ठाणे जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी आहेत, पण एका वेळी एका जागी नाहीत.

१८५४ साली आगगाडी ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत गेली, तेव्हाच शहाण्या माणसांचा तिकडे जायचा प्रश्न सुटला. उरलेले आम्ही मोटारीने जातो.

निघण्याआधी कल्याणच्या मेहुण्याने फोनवरूनच निदान केलं होतं. "भावोजी, अलाइनमेंट गेली." सोसायटीतल्या काकांचं मत बॅलन्सिंगवर होतं. टायरवाल्याने दोन्ही मतांचा आदर राखत दोन्हींचे पैसे घेतले. थरथर जिथल्या तिथे. खरं तर बॅलन्सिंग बिघडलं असतं तर ब्रेक न लावताही ८० च्या आसपास स्टिअरिंग हललं असतं, आणि अलाइनमेंट बिघडली असती तर गाडी एका अंगाला ओढली असती. पण गाडी या विषयातलं तिच्या मालकापेक्षा इतरांनाच जास्त कळतं, असा आपल्याकडे रिवाज आहे.

डोंबिवली एमआयडीसीतल्या मिस्त्रीने मात्र निदान केलं नाही, प्रश्न विचारला. "काका, ऐंशीला पळवा, ब्रेक दाबा आणि थरथर कुठे लागते ते सांगा. हातात, की बुडाखाली?" हातात लागली तर दोष बहुधा पुढच्या डिस्कचा, बुडाखाली लागली तर मागच्या ड्रमचा. एवढा स्वच्छ प्रश्न मला कुठल्याच डॉक्टरने विचारलेला नाही.

तर हातात आणि बुडाखाली लक्ष ठेवून आम्ही रविवारी ठाण्यातल्या पाचपाखाडीहून मिस्त्रीकडे निघालो. माजिवड्यापर्यंत पहिला गिअर. खारेगाव ओलांडून मुंब्रा बायपासला लागलो, तर न्हावाशेव्याच्या बाजूचे कंटेनर शिस्तीत उभे. पुढचा हलला की मागचा हलतो. मध्येच एक फट मिळाली. मी काटा पंचावन्नवर नेला आणि स्टिअरिंग हललं! आनंदाने ब्रेककडे पाय नेतो तोच कळलं की तो खड्डा होता. खड्ड्याची थरथर आणि डिस्कची थरथर वेगळी करायला या रस्त्यावर चौकशी आयोगच नेमावा लागेल.

"वर मुंब्रादेवी आहे, नमस्कार करा," बायको म्हणाली. मी हात उचलले. "मनातल्या मनात!" ती ओरडली.

शिळफाट्याला चिंतनासाठी भरपूर वेळ मिळतो, म्हणून थोडं शास्त्र इथेच उरकून घेऊ. 'डिस्क वाकली' असं सगळे म्हणतात, पण डिस्क सहसा वाकत नाही. ती कुठे जाड, कुठे पातळ होते. हबवर गंज साचला किंवा चाकाचे नट कमीजास्त आवळले, तर डिस्क किंचित डगमगत फिरते आणि पॅड तिला एकाच जागी घासत राहतात. जाडीत एका मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागांचा, म्हणजे केसापेक्षाही कमी फरक पडला तरी पुरे. ८० च्या वेगाला आमचं चाक सेकंदाला तेराएक फेऱ्या घेतं. दर फेरीला जाड भाग पॅडमध्ये आला की ब्रेक जास्त पकडतो, पातळ भाग आला की सोडतो, आणि ती हिसकाहिसकी टाय रॉडमधून थेट हातापर्यंत येते. पहिल्या गिअरमध्ये मात्र फार तर पेडल थोडं उचलल्यासारखं वाटतं. म्हणूनच ठाण्यात हयात घालवलेल्या गाडीला हा रोग असला तरी मालकाला पत्ता लागत नाही.

शिळफाटा ते काटई मेट्रोच्या पत्र्यांमधून. त्याबद्दल न बोललेलं बरं.

एमआयडीसीत रविवारी सामसूम असते. मिस्त्रीने मला बाजूला बसवून गाडी हाती घेतली. रिकाम्या सरळ रस्त्यावर बेताच्या वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरून त्याने तो हळूच ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. कुठेच काही हललं नाही. "ड्रम निर्दोष," त्याने निकाल दिला. राहिली ती ऐंशीची परीक्षा. त्यासाठी तो मला मोठागाव-माणकोली पुलावर घेऊन गेला. उल्हास खाडीवरचा सरळ, गुळगुळीत पूल, आणि त्यावर सूर्योदयाचे फोटो काढणारी निम्मी डोंबिवली. एक आजोबा तर गाडीच्या रस्त्यातच प्राणायाम करत होते. पूल संपून मोकळा रस्ता लागला तेव्हा कुठे काटा ऐंशीला टेकला, ब्रेक लागला, आणि त्याच्या हातातलं स्टिअरिंग तापाने हुडहुडी भरल्यासारखं थडथडलं. मला इतका आनंद झाला की मिस्त्रीने माझ्याकडे दोनदा पाहिलं.

पुढचं काम साधं होतं. चाक काढलं, बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे एंड हलवून पाहिले; ते घट्ट होते. ते ढिले असते तर थरथर आणखी वाढली असती. कॅलिपरची एक पिन गंजून अडकली होती, ती साफ करून ग्रीस लावलं. डिस्क लेथवर मारून घेऊ का, असं मी विचारलं. त्याने डिस्कवर कोरलेला किमान जाडीचा आकडा दाखवला. आमची डिस्क आधीच त्याच्या खाली उतरली होती, तिथे लेथचा काही उपयोग नव्हता.

तेव्हा ब्रेक लावल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल, तर टायरवाल्याला पैसे देण्याआधी चाक काढून डिस्क मोजून घ्या. डिस्क बदलायची वेळ आली तर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकदमच बदला, आणि नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा गंज खरवडायला लावा. तो राहिला तर नवी डिस्कही त्याच वाटेने जाईल.