अक्षांश-रेखांशासह हसा

आमच्या किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात गणित आनंददायी झालं आहे. म्हणजे बाकं गोल मांडली, सहा-सहाचे गट पाडले, कार्डशीटवर साप-शिडी काढली आणि फोटो घेतला. फोटो महत्त्वाचा. त्याच्या कोपऱ्यात नकाशाचा तुकडा, तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटायला हवेत. नाही उमटले तर आनंद झाला असं धरत नाहीत.

मी तो फोटो पाहिला. अक्षांश 18.64, रेखांश 72.87. अख्ख्या तासात त्या वर्गात आलेले आकडे हे एवढेच. बाकी सगळा फासा. शिडीच्या पायाशी ‘डेरिव्हेटिव्ह’ लिहिलंय, सापाच्या तोंडाशी ‘इंटिग्रेशन’. पाच पडले की चढायचं, काढायचं काहीच नाही. कधी चुकून उदाहरण आलंच, तर गटातली एक मुलगी ते सोडवते, दुसरी स्केचपेनाने नक्षी काढते, तिसरा फासा टाकतो आणि उरलेले तिघं सहकार्य करतात. सहकार्याला गुण आहेत. त्या मुलीला मात्र तिची वहीसुद्धा परत मिळत नाही.

पहिल्या फोटोत भानगड झाली होती. मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे रेखांश 72.85 उमटला. झालं! एस.वाय.चा अख्खा वर्ग नकाशावर कुलाबा किल्ल्याच्या पलीकडे, भर समुद्रात, हसतमुख. अहवाल परत आला. शेरा : ‘स्थळ जुळत नाही.’ गणित जुळलं का, हे कोणी विचारलं नाही. वास्तविक त्या तासाला खरा प्रश्न हा एकच पुढ्यात आला होता : 0.02 अंश म्हणजे किती लांब? रेखांशाचा एक अंश आपल्याकडे साधारण 105 किलोमीटरचा, म्हणजे वर्ग दोनेक किलोमीटर वाहून गेला. पण याची साप-शिडी नव्हती, सबब प्रश्न सुटला नाही. बाकं पुन्हा गोल झाली. पोरं पुन्हा हसली.

खेळाशी माझं वैर नाही. 1654 साली अर्ध्यावर मोडलेल्या जुगाराचे पैसे कसे वाटावेत, या प्रश्नातूनच संभाव्यतेचा पाया घातला गेला. गटाशीही नाही, अवघड गणितावर चार डोकी भांडली की एखादं उजळतं. पण ते भांडण कान देऊन ऐकणारा आणि नेमक्या वेळी ‘हे कशावरून?’ विचारणारा मास्तर लागतो. तो आमच्याकडे तासिका तत्त्वावर आहे. तास झाला तर पैसे, दिवाळी आली की उपास. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात, मधलं आयुष्य एसटीत. कायमची जागा रिकामी आहे, ती इतकी वर्षं की आता खुर्चीलाच सेवानिवृत्ती द्यावी. जागा भरता येत नाही म्हणून कार्डशीट भरायची, आणि मास्तर नाही असं न म्हणता ‘विद्यार्थी स्वतः शिकतात’ म्हणायचं! कार्डशीटला वेतन आयोग लागत नाही. सापाला बाळंतपणाची रजा नको, शिडीला पेन्शन नको. संतापाने हे लिहितोय तर माझीच वाक्यं गोल बसायला लागली आहेत.

आणि हे कुठे चाललंय? जिथे कोळीवाड्यातला म्हातारा जाळं विणता विणता भरतीची वेळ सांगतो. तिथीची पाऊणपट : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्राचा रोजचा उशीर त्याने पाऊणकीत कोंबलाय. त्याचा नातू या वर्गात आहे. सहकार्य करतो.

गेल्या महिन्यात ‘किल्ल्यावरचं गणित’ निघालं. साडेनऊला सगळे ओल्या वाळूतून चालत किल्ल्यात गेले. गट पडले, फासे पडले. बाराला निघावं तर वाट पाण्याखाली. नातवाने घरी फोन लावला. पलीकडून म्हातारा म्हणाला, ‘‘आज तीज हाय ना रं?’’

तीन गुणिले पाऊण, सव्वादोनची भरती. संध्याकाळपर्यंत सगळे उपाशी बसले. फोटो मात्र झकास आला : भर समुद्रात, हसतमुख, अक्षांश-रेखांशासह. अहवाल मंजूर झाला. या वेळी स्थळ जुळलं होतं.