शिंप्याची कात्री आणि दाराची करकर

दार करकरलं की संसारी माणूस तेलाची बुधली शोधतो. पॅरिसच्या प्येर आंरी यांनी ध्वनिमुद्रक शोधला, आणि १९६३ साली एक दार आणि एक उसासा एवढ्या भांडवलावर लांबलचक रचना उभी केली. यावर पहिला आक्षेप ठरलेला: दार आमचंही करकरतं, मग आम्ही संगीतकार का नाही? कापड सगळ्यांच्याच कपाटात असतं, म्हणून घरोघरी शिंपी नसतो, तसंच हे. आणि मुद्रित आवाज कापून-जोडून संगीत रचण्याची ही कला खरोखरच शिंपीकामाची. ध्वनिमुद्रकाची फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगाने धावायची. अर्ध्या सेकंदाची उसंत हवी तर १९ सेंटिमीटर कोरी फीत मोजून कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. सम चुकली तर गवयाला निदान तबलजीकडे रोखून पाहता येतं. इथे डोळे वटारायचे ते चिकटपट्टीवर.

कापण्याने काय होतं, ते आंरी यांचे सहकारी प्येर शेफेर यांनी १९४८ सालीच दाखवलं, तेही फीत हाती येण्याआधी, तबकडीवर. त्यांनी घंटेचा टोल पडतानाचा ठोका वगळला आणि मागे रेंगाळणारा नादच तेवढा मुद्रित केला. घंटेची ओळख त्या ठोक्यात. तो गेला आणि उरलेला नाद थेट सुषिर वाद्यांच्या घराण्यात जाऊन बसला. म्हणजे आवाजाचं कुळ धातूत नसतं, कात्री कुठे लागली यावर ठरतं. अर्थात ही कात्री प्रत्येक वेळी चालते असं नाही. शेफेर यांनी त्याच वर्षी आगगाडीच्या आवाजांचीही रचना केली. ती ऐकताना कान कितीही सुसंस्कृत असला तरी मन फलाटावर सामान मोजतंच.

‘यात रियाज कुठे? आता तर संगणकावर पोरंटोरंही करतात,’ हा दुसरा आक्षेप. करतात खरी, कात्री स्वस्त झाली, कान झाला नाही. कॅनडाचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ल केन यांनी १९५५ साली पाण्याचा एकच थेंब मुद्रित केला. फीत दुप्पट वेगाने फिरवली की आवाज एक सप्तक वर जातो. असे वेग बदलत त्यांनी त्या थेंबाला स्वरांवर चढवलं, उतरवलं आणि शेवटी त्याचा पाऊस पाडला. थेंबे थेंबे तळं साचायला लागणारा बाकीचा माल त्यांनी वाचवलाच. शिवाय सगळं दोनेक मिनिटांत आटोपलं. न्हाणीघरातला नळ हाच कार्यक्रम रात्रभर करतो, आणि सकाळी प्लंबर येईपर्यंत त्याला कुठे थांबावं हे सुचत नाही.