काका झाले ओडिसियस

"ऐकलं का गं, आमचे हे आता ओडिसियस झाले!"

प्रताप नगरात सकाळी नळ आले, की कम्पाउंडच्या भिंतीपलीकडून काकूंची पहिली बातमी येते. हातात मेथीची जुडी, कोपर भिंतीवर.

"ते कसं बाप्पा?"

"तो ग्रीक राजा नाही का, दहा वर्षं ट्रॉयला लढला अन् घरी परतायला आणखी दहा लावले. नातवाच्या कपाटातलं पुस्तक वाचलं ह्यांनी, तेव्हापासून उठता-बसता तोच. मामंजींच्या नावचं घर ह्यांच्या नावावर चढून नाही राहिलं ना! परवा साहेब सही करणारच, तर त्यांची बदली झाली. घरी आले अन् म्हणतात कसे, 'इओलसची पिशवी फुटली.'"

उपमा मात्र काकांनी नेमकी काढली. वाऱ्यांच्या त्या राजानं ओडिसियसला उलटे वारे पिशवीत कोंडून दिले होते. घरच्या, इथाकाच्या किनाऱ्यावरच्या शेकोट्या दिसायला लागल्या, ह्याचा डोळा लागला, अन् सोबत्यांनी सोनं असेल म्हणून पिशवी सोडली. जहाजं पुन्हा जिथल्या तिथं.

"पण काकू, त्याचंही चुकलंच. एकडोळ्या राक्षसाचा डोळा फोडून सुटला होता, गुमान निघून जायचं! तर जहाजावरून ओरडून स्वतःचं, बापाचं, गावाचं नाव सांगितलं. राक्षस निघाला समुद्रदेवाचा पोरगा."

"अगं माय! ह्यांनीही कचेरीच्या खिडकीवरच्या पोराला हेच म्हटलं, 'मी कोण आहे माहीत आहे का?' तेव्हापासून फाइलच सापडून नाही राहिली."

हसून हसून माझ्या हातातला पाइप खाली पडला. काकूंना मात्र चेव आला. "अन् दुःख दुःख काय करतात गं हे पुरुष? मेघदूतातला तो यक्ष घे. तो राहिला तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच, असं आपल्या नागपूरच्या मिराशींनी मांडलं. वर्षभराची शिक्षा, तर ढगाला निरोप सांगत बसला. तुझा हा ओडिसियस वर्षभर त्या जादूगारीण सर्सीकडे जेवत होता, अन् सात वर्षं कॅलिप्सोच्या बेटावर."

"तिथं रोज किनाऱ्यावर बसून रडायचा म्हणे."

"दिवसा ना?"

यावर मी काय बोलणार? काकूंनी मेथीचं देठ कटकन मोडलं.

"त्याच्या बायकोचं, पेनेलोपीचं पाह्य. १०८ जण लग्नाला टपलेले, तिच्याच घरात बसून तिचंच खाऊन राहिले. इथं ह्यांचे चार मित्र आले तर सांबारवड्या तळता तळता माझी कंबर जाते. तिनं सासऱ्यासाठी कफन विणायला घेतलं. दिवसा विणायची, रात्री उसवायची. तीन वर्षं! चौथ्या वर्षी दासीनंच फोडलं. अन् पुस्तकाला नाव कोणाचं? त्याचं."

ओडिसीतला खरा धीर पेनेलोपीचाच, असं माझंही मत आहे. नवरा दारात आला तरी ती हुरळली नाही. पलंग खोलीबाहेर काढा, असं मुद्दाम दासीला म्हणाली. तो पलंग त्यानं जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यावर घडवलेला, हलणार कसा? हे त्या दोघांनाच, अन् एका दासीला, ठाऊक. तो चिडून ते बोलला, तेव्हा तिनं त्याला नवरा मानलं.

"बरोब्बर केलं," काकू म्हणाल्या. "वीस वर्षांनी आला तर पुरावा मागायलाच पाहिजे. उद्या त्या खिडकीवर मीच जाते. ह्यांना म्हटलं, तुम्ही घरी बसून पुस्तक वाचा."