मोहाला चौकोन नाही

पुण्यातल्या माझ्या भाचीला दिवस गेले तेव्हा तिच्या फोनमधलं एक ॲप दर आठवड्याला बाळाचं माप सांगायचं. एकदा म्हणालं, बाळ आता ॲव्होकाडोएवढं झालं. घरात चर्चा, की हा नेमका केवढा असतो? "लिंबाहून मोठा नि पपईहून लहान," असा निवाडा आजीने दिला आणि सगळे जेवायला बसले.

तेच ॲप गडचिरोलीच्या रानातल्या गावी उघडलं तर? पहिलाच प्रश्न, शेवटच्या पाळीची तारीख. बाई सांगणार, "मोहा पडत होता तवा." मोहाची फुलं नुकती पडायला लागली होती की सरत आली होती, हेही ती सांगेल, पण कॅलेंडरात मोहाला चौकोन नाही. गावच्या आशा कार्यकर्तीचं, म्हणजे आशाताईचं, अडत नाही. होळीच्या आधी की मागून, तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली होती का, एवढं विचारून ती वहीत तारीख मांडते.

तारखेला महत्त्व आहेच. त्यात 280 दिवस मिळवायचे असतात. पाळी दिवाळीच्या सुमाराची असली तर बाळंतपण श्रावणात येतं. कवींचा श्रावण हिरवा असेल. गडचिरोलीतल्या भामरागडचा श्रावण म्हणजे पर्लकोटा नदीचा पूर आणि तुटलेला रस्ता. म्हणून तर आरोग्य केंद्राजवळ आधीच येऊन राहायला 'माहेरघर' आहे. सरकारी योजनेला इतकं मायेचं नाव कुणाला सुचलं असेल!

फेब्रुवारी 2024 पासून 'किलकारी' ही सरकारी फोनसेवाही महाराष्ट्रात आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत फोनवर 72 निरोप. वाचावं लागत नाही, हे उत्तम. पण घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात, आणि लोहाच्या गोळ्यांचा उपदेश रानात उभं राहून ऐकतो तो. ऐकू दे बापडा, त्यालाही कळायला हवं. फक्त घरात माडिया बोलतात, सिरोंच्याकडे तेलुगू, आणि फोन मराठीत.

अशा वेळी मला राहून राहून गडचिरोलीच्याच 'सर्च' संस्थेचं श्वासमापक आठवतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर सुईणींसाठी केलेलं. वाळूचं घड्याळ आणि मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत ठरल्यापेक्षा जास्त मणी सरकले तर न्यूमोनियाचा संशय. रेंज नको, चार्जिंग नको, पासवर्ड तर नकोच. ज्या बाईला दहापर्यंतच मोजता येतं, तिच्यापासून विचार सुरू केलेला. आमचे ॲपवाले बहुधा स्वतःच्या फोनपासून सुरू करतात.

माहेरघरात जायचं ठरलं तरी बाईचा पाय निघत नाही. थोरलं पोर कुणाकडे ठेवायचं, शेळीला चारा कोण घालणार, कोंबड्या कोण कोंडणार? आशाताई आधी कोंबड्यांचं ठरवते. वजनकाटा त्यानंतर काढते.