बुरशीचे लाड

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय वाटले, तेव्हा हुशार मुलांनी दही, ताक, लोणचं असे सोयीचे विषय पटकावले. मी चहाला गेलो होतो. परतलो तर माझ्या नावापुढे ‘मातीतील बुरशींचे सेल्युलेज उत्पादन : माध्यम, तापमान व सामू यांचा परिणाम’ असं लांबलचक शेपूट लागलेलं.

बुरशी शोधावी लागली नाही. घरच्या उसातली, पाचटाखालची ओली माती आणली. पेट्री डिशमध्ये आधी पांढरी, मग हिरवीगार ट्रायकोडर्मा उगवली. हिच्याच एका बहिणीने दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजवले. पुढे नॅटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी तिचं सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, म्हणजे सेल्युलेज, अभ्यासलं आणि 1977मध्ये तिला रीस यांचंच नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीसेई. मी भारावून घरी फोन केला. बाबा म्हणाले, “ट्रायकोडर्मा ना? कृषी सेवा केंद्रात पिशवीत मिळतो. आल्याला टाकतो की आपण.”

मी मात्र तिला राजकन्येसारखं वाढवायचं ठरवलं. माध्यमात भरपूर ग्लुकोज, 28 अंश तापमान, शेकरवर संथ झोके. बुरशी तरारून आली. मग परीक्षा : गाळलेल्या द्रवात फिल्टर पेपरची पट्टी टाकून 50 अंशांवर तासभर ठेवायची, नंतर डीएनएस हे रसायन घालून उकळायचं. एन्झाइमने कागदातली साखर सुटी केली असेल, तर पिवळा रंग विटकरी होतो. माझा झाला तो थेट कौलासारखा! मी अख्ख्या लॅबला मिसळ खिलवली.

गाइड मॅडमनी नळी उजेडात धरली. “ब्लँक कुठंय?”

“कसला ब्लँक?”

“कागद न घालता लावायचा तो. अरे, हे तू स्वतः ओतलेलं ग्लुकोज आहे.”

ब्लँक वजा केल्यावर एन्झाइम जवळपास शून्य उरलं. मिसळीचं बिल मात्र वजा होईना.

तर शास्त्र असं, की आयतं ग्लुकोज मिळतंय तोवर ही बुरशी सेल्युलेजची जनुकं चक्क बंद ठेवते. काष्ठ पचवायची यंत्रणा उभारणं महागाचं काम. धोंड्याच्या महिन्यात सासरी आलेला जावई कधी विहिरीवर पाणी शेंदायला जातो का? कठीण अन्न समोर आलं, की मात्र आधी थोडंसं एन्झाइम टेहळणीला जातं, त्याने तोडलेले विरघळणारे तुकडे परत येतात आणि मगच कारखाना सुरू होतो.

म्हणून पशुखाद्याच्या दुकानात जाऊन गव्हाचा भुसा मागितला.

“जनावरं किती?”

“जनावरं नाहीत. बुरशीसाठी हवाय.”

“आमच्याकडे बुरशीचा माल मिळत नाही,” दुकानदार उखडला. नंतर दिला, पण वजनात मारून.

भुसा ओला केला, ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर शिजवला, वर बीजाणू शिंपडले. मध्येच शहाणपण सुचलं, की एन्झाइम 50 अंशांवर जोमात चालतं, तर बुरशीही 50लाच ठेवू. एन्झाइमला मानवतं ते त्याच्या आईला मानवत नाही. तो फ्लास्क तसाच्या तसा राहिला. शेकरवरचे फ्लास्क लोडशेडिंगने मारले. उरला तो लॅबमामांच्या कपाटात ठेवून मी साफ विसरलेला एक. त्याचा अर्क काढला तर आकडा मोजपट्टीबाहेर. दहापट पातळ करून पुन्हा मोजावा लागला. ब्लँक या वेळी तीन लावले होते.

मी नाचतच कपाटाकडे गेलो. मामा फ्लास्क हातात घेऊन उभे. कापसाचं बूच हिरवं पडलेलं; ओढलं तर निम्मं हातात आलं, निम्मं आतच राहिलं. सेल्युलोज ते सेल्युलोज. तिला काय, तंबू आणि बूच सारखंच.

“हे पण खाल्लं हिनं?” मामांनी विचारलं.

मी अभिमानाने मान डोलावली. त्यांनी फ्लास्क माझ्या हातात कोंबला आणि कपाटाला कुलूप घातलं.

“सागवानी आहे,” ते म्हणाले.