पोखर्णी-पद्धतीचे शब्दकोडे : एक अल्पसा प्रबंध

मराठी शब्दकोड्यात काळी घरे इतकी का असतात, या प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर पाठ फिरवली आहे. विद्वान रविवारच्या पुरवणीतला अग्रलेखासारखा भाग वाचतात आणि कोड्याचे पान घरातल्या दुसऱ्या कोणाकडे जाते, एवढेच त्याचे कारण असावे. प्रस्तुत लेखकाने ही उणीव भरून काढायचे मनावर घेतले, तेव्हा तो परभणी–परळी लोहमार्गावरच्या पोखर्णीत होता. तिथल्या एका मित्रमंडळाच्या स्मरणिकेतले शेवटचे अर्धे पान जाहिरातीवाचून रिकामे राहिले होते. “सर, एखादं कोडं टाका की,” मंडळाने सुचवले. कोडे टाकणे हे सुविचार टाकण्याइतकेच सोपे, अशी मंडळाची समजूत होती.

आधी पूर्वसूरींना वंदन. आर्थर विन या गृहस्थांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत पहिले शब्दकोडे छापले. ते हिरकणीच्या आकाराचे होते. त्यात काळे घर एकही नव्हते, मधोमध नुसती पोकळी होती. आणि पहिला शब्द विनसाहेबांनी स्वतःच भरून दिला होता. हा शेवटचा मोठेपणा पुढच्या कोडेकारांत उरला नाही. परंतु विनसाहेबांचे कौतुक करताना त्यांच्या हाती सव्वीसच अक्षरे होती, हे विसरून चालणार नाही. सव्वीस माणसांच्या गावात कोणीही कोणाचा पाहुणा निघतोच.

मराठीत एका घरात एकच अक्षर राहते, पण काना-मात्रा-वेलांटीच्या सगळ्या गोतावळ्यासह. चौतीस व्यंजनांना बाराखडी लावली की ४०८ रूपे होतात. जोडाक्षरांची शिरगणती अजून व्हायचीच आहे. दोन शब्द एकमेकांना छेदायचे, तर ज्या घरात भेट व्हायची तिथे व्यंजन जुळून भागत नाही, वेलांटीही जुळावी लागते. त्यात १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ ठरवले. म्हणजे ऱ्हस्व ‘वि’ शब्दाच्या शेवटच्या घरात सहसा राहूच शकत नाही. अपवाद ‘आणि’, ‘नि’ आणि ‘तथापि’, ‘परंतु’ यांसारख्या तत्सम अव्ययांचा. पण अव्ययाला सूचक शोधण्यापेक्षा कोडेकार उपास पत्करतो. यावरून एक उपसिद्धांत निघतो: आडवा ‘कवी’ आणि त्याच्या शेवटच्या घरातून खाली उतरणारी उभी ‘विहीर’ यांची गाठ कोड्यात पडू शकत नाही. कवीच्या दृष्टीने हे बरेच झाले.

आता मूळ प्रयोगाकडे. परभणी जिल्ह्यात पहिले कोडे रचायचे, तर ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या म्हणीखेरीज दुसऱ्या कशाने शुभारंभ करणार? गणिताची चौकटीची वही घेतली, पेन्सिलीला टोक काढले, आणि तिथेच पहिला शास्त्रीय धक्का बसला. जर्मनी आणि परभणी एकमेकांना कुठेच छेदत नाहीत. ज, र्म, नी. प, र, भ, णी. ‘र’ आहे म्हणावे, तर जर्मनीचा र रफार होऊन म च्या डोक्यावर बसलेला. शेवटी ‘नी’ आणि ‘णी’ इतके जवळ येतात की अंधारात जुळतीलही. छापल्यावर मात्र नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका दमात उच्चारलेल्या या दोन स्थळांचा अक्षरसंबंध शून्य आहे, हे इतिहासकारांच्या नजरेतून निसटले होते.

सोयरीक जमली ती मध्यस्थांमुळे. ‘जर्मनी’ आडवी लिहिली आणि तिच्या ज पासून ‘जगात’ खाली सोडला. जगातच्या त वर ‘भारतात’ येऊन संपला. भारतातच्या र मधून ‘परभणी’ उभी आरपार गेली. पाच ओळी, सहा रकाने, तीस घरे; अकरा भरली आणि एकोणीस काळी राहिली.

एकोणीस! अमेरिकी रिवाजात एकूण घरांपैकी साधारण सहावा हिस्साच काळा ठेवतात, आणि जाळी अर्धा फेरा फिरवली तरी ती तशीच दिसावी अशी अपेक्षा असते. या मापाने आमचे कोडे रचना नव्हे, दुर्घटना ठरते. पण गोदावरीखोऱ्यातल्या माणसाला विचारा. गाव म्हणजे काळी आणि पांढरी: पांढरीत घरे, काळीत पीक, आणि काळी पांढरीपेक्षा कितीतरी मोठी. परभणी जिल्ह्यातल्या कोड्यात काळी अधिक निघणे हा दोष नसून जमीनमहसुलाशी सुसंगत असा भूगोल आहे. शिवाय गाव अर्धा फेरा फिरवून पाहण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

एवढ्यावर मंडळाची शंका आली: “सर, ह्यात आपलं गाव कुठाय?” शंका रास्त होती. पो, ख, र्णी यांतले एकही अक्षर त्या अकरा घरांत नाही. ‘र्णी’ला वर्णी भेटते, यवतमाळ जिल्ह्यातली आर्णी भेटते, परभणी भेटत नाही. यावर पूर्वपक्ष असा की, गाव ‘पोखरणी’ असेही लिहिले जाते. रफार उतरवून चार घरे घेतली, तर शेवटचा ‘णी’ परभणीच्या ‘णी’त चपखल बसतो. जाळी दोन रकाने डावीकडे वाढते, घरे चाळीस होतात आणि काळी सव्वीस. उत्तरपक्षाचे म्हणणे, डोक्यावरचा रफार कोड्याच्या सोयीसाठी उतरवणे गावाला शोभत नाही. पूर्वपक्ष जिंकला, कारण त्याच्याकडे पेन्सिल होती.

चार अक्षरांचे हे रूप घेतल्यावर वेगळाच धोका उभा राहतो. सूचकात जरा ढिलाई झाली की सोडवणारा राजस्थानात जाऊन ‘पोखरण’ लिहून येईल, आणि आमच्या शांत गावात १९७४ आणि १९९८ अशा दोन्ही सालच्या अणुचाचण्या होतील. परभणीचा ‘णी’ तिथे आडवा आला म्हणून अनर्थ टळला.

या निमित्ताने शब्दकोड्याच्या अधिष्ठात्री देवतेचाही निर्णय लावून टाकतो. छेदाचे घर धड आडवे नाही, धड उभे नाही. ते एकाच वेळी दोन्ही आहे. घरात नाही आणि बाहेरही नाही, असा उंबरठा निवडून ज्याने हिरण्यकशिपूचे कोडे सोडवले, तो नृसिंह पोखर्णीचा देव. शास्त्राला देवता आणि कोड्याला गाव एकाच पत्त्यावर मिळाल्याचे दुसरे उदाहरण दाखवावे, असे आव्हान आहे.

सूचके लिहिताना न्यायशास्त्राशी गाठ पडली. ‘एक आडवा: युरोपातली परभणी (३)’. ‘दोन उभा: भारतातली जर्मनी (४)’. पहिले कळल्याशिवाय दुसरे कळत नाही आणि दुसऱ्याशिवाय पहिले. तर्कशास्त्री याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. परभणीकर याला सोपा पेपर म्हणतात. म्हण ज्याला ठाऊक त्याला अर्धे मिनिट पुरते. ज्याला ठाऊक नाही, त्याला शब्दकोश घेऊन दिला तरी उपयोग नाही.

छपाईत व्हायचे ते झाले. अक्षरजुळणी करणाऱ्याने जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाकला आणि प्रत्येक खुणेनंतर नवे घर पाडले. त्या फॉन्टात रफार म नंतर टाइप होतो. म एका घरात राहिला आणि रफार पुढच्या घरात एकटा, खाली कोणी नसताना, कोयत्यासारखा लटकला. उत्तराच्या चौकटीत जर्मनी पाच घरांची झाली. तिकडच्या इतिहासात सीमा बऱ्याचदा हलल्या आहेत, तेव्हा त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

राहिला बक्षिसाचा प्रश्न, आणि तो वाटतो त्याहून जुना आहे. एकेकाळी कोड्यांच्या बक्षिसांपायी लोक खरोखर पैसे लावत. दोन शब्द सारखेच बसतील असे सूचक द्यायचे आणि आयोजकांच्या मनात कोणता हे ताडायला लावायचे, असा तो धंदा. म्हणून १९५५ साली पारितोषिक स्पर्धांचा कायदा आला: बक्षीस महिन्याला हजार रुपयांवर नको, प्रवेशिका दोन हजारांवर नकोत, त्याखाली परवाना. पुढे एप्रिल १९५७ मध्ये, आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा कायदा जुगाराच्या जातीच्या स्पर्धांपुरता आहे. जिथे कौशल्याचा वाटा मोठा, तिथे तो लागू नाही. आमच्या कोड्यात कौशल्य किती, यावर मंडळात मतभेद झाले. त्यातच आलेली सगळी उत्तरे बरोबर निघाली. एकाने चिठ्ठी टाकायला सुचवले. पण चिठ्ठी टाकली की नशीब आले आणि नशिबामागून कायदा. अखेर बरोबर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला एकेक पेढा द्यायचे ठरले. पेढ्यांचा हिशेब हजाराच्या पुष्कळच आत बसला, आणि प्रवेशिका दोन हजारांवर जाणार नाहीत याची काळजी स्मरणिकेच्या खपाने आधीच घेतली होती.