कैरी कामून पडली?

"मावशी, तुमची कैरी आमच्या अंगणात पडलीय. आता ती आमची."

रात्रीच्या वावटळीनं हर्सूलभर पत्रे वाजत होते. सकाळी कुंपणाच्या तारेखाली ही एक कैरी, देठाशी चीक अजून ओला.

"तुमची कशी? झाड कुनाचं?" धुणं झटकत मावशी म्हणाल्या.

"झाड तुमचं, पण ओढली आमच्या जमिनीनं."

"दोरी लावली व्हती का? जड झाली, देठ सुटला, पडली!"

मावशी नकळत वैशेषिक दर्शनाच्या कणादांच्या बाजूनं बोलल्या. वैशेषिकांचं म्हणणं हेच, की जडपणा हा वस्तूचाच गुण. आधार सुटला की त्यापायी ती पडते. ग्रीकांचा अॅरिस्टॉटल म्हणायचा, मातीच्या वस्तूला मातीकडेच जायचं असतं.

"म्हंजे माहेरची ओढ," मावशींनी निकाल लावला.

"पण जास्त जड ते जास्त लवकर पडतं, हे त्याचं चुकलं. गच्चीवरून कैरी आणि नारळ एकदम सोडा, धप्प आवाज एकच येईल."

"नारळ लई महाग झालाय, तुमचा सोडा."

मग मी पाटणादेवी काढली. कन्नडचा घाट उतरून मावशी नवरात्रात तिथं जाऊन आलेल्या. त्याच पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला. 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यात ते म्हणतात, पृथ्वीच जड वस्तूला आपल्याकडे ओढते, आणि आपल्याला वाटतं ती पडली.

"मंग पृथ्वी कामून पडत न्हाई?"

"चहूकडं आकाश सारखंच, पडेल कुठं? हेही त्यांनीच विचारून ठेवलंय."

मावशी वर बघत राहिल्या. इथं काही जण लगेच मिशीला पीळ देतात, 'न्यूटनच्या आधी आम्हीच!' पण ओढ किती, अंतर दुप्पट झालं की ती चौथाईवर कशी येते, हा हिशेब न्यूटननं 1687 मध्ये मांडला. शिवाय त्याच्या मते ओढ एकतर्फी नाही. कैरीसुद्धा पृथ्वीला तेवढ्याच जोरानं ओढते.

हे मी बोलायला नको होतं.

"म्हंजे माझी कैरी तुमच्या अंगणाला वढती?"

"हो."

"मंग अंगणबी माझंच की!"

कैरी तारेवरून परत दिली. दुपारी वाटीभर तक्कू आला, वर हिंगाची फोडणी.